तो माणूस राहतो कुठं?

माझी आई निपाणीत गेली चौदा वर्षं भिशी चालवते. बारा बायका, महिन्याला प्रत्येकी एक हजार रुपये. पाच तारखेला संध्याकाळी सगळ्या आमच्या घरी जमतात, चहा होतो, डब्यातून चिठ्ठी निघते आणि जिचं नाव निघेल ती बारा हजार घेऊन घरी जाते. कुणी त्यात शिलाई मशीन घेतलं, कुणी मुलाची फी भरली, कुणी नवऱ्याच्या ऑपरेशनचं अर्धं बिल भागवलं. या चौदा वर्षांत एकदाच एकीचे दोन हप्ते थकले. त्या दोन्ही महिन्यांत आईनं स्वतःच्या पदरचे हजार-हजार घातले आणि पुढे त्या बाईकडून शंभर-शंभर करून वसूल केले. भिशीचा नियमच तसा आहे. बुडवणारी कुणीही असो, आधी भरायचं चालवणारीनं.

हे सगळं सांगायचं कारण, दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा एक भिशी चालवली आणि ती बुडवली. फक्त मी तिला भिशी म्हणत नव्हते, क्राउडफंडिंग म्हणत होते.

झालं असं. बी.ए.च्या थर्ड सेमला असताना आम्ही तिघांनी एक प्रोजेक्ट ठरवला होता. निपाणीतल्या विडी वळणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना बोलतं करायचं, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायच्या. १९८१ चं तंबाखू आंदोलन बघितलेल्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. मोबाइलवर दोन रेकॉर्डिंग करून बघितली, तर पंख्याचा आवाज, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा हॉर्न आणि मध्येच कुठं तरी आजीचं एक वाक्य. मग मला इंटरनेटवर ते गॅझेट दिसलं. काडेपेटीएवढा रेकॉर्डर, त्यात दोन बिनवायरचे माइक, तोच रेकॉर्डर इअरफोनची केस म्हणूनही चालणार आणि आजूबाजूचा गोंगाट आपोआप गाळणार. व्हिडिओत एक मुलगा भर बाजारात उभा राहून बोलतो, बटण दाबतो, बाजार गप्प होतो आणि फक्त त्याचा आवाज उरतो. आधी पैसे भरणाऱ्यांना निम्म्या किमतीत. पोस्टेजसकट साधारण बारा हजार रुपये. प्रत्येकी चार हजार झाले. माझे चार हजार आईच्या भिशीचा नंबर लागला त्यातून आले, आणि बाकीच्या दोघांना मी म्हटलं, "टाका रे, माझी गॅरंटी."

पैसे पुण्याच्या चुलतभावाच्या क्रेडिट कार्डावरून गेले. रात्री आईला मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. व्हिडिओ बघितला, म्हणाली, "चांगलं आहे की गे. आणि तो माणूस राहतो कुठं?"

"अमेरिकेत."

"अमेरिकेत कुठं?"

मला सांगता आलं नाही. तिनं भाकरी उलटली आणि एवढंच विचारलं, "मग नाही आलं तर जाऊन विचारणार कुणाला?"

सहा महिन्यांत येणार होतं. पहिले चार महिने दर महिन्याला ईमेल आला: साचा तयार होतोय, बॅटरीचं सर्टिफिकेट बाकी आहे, चिप बदलावी लागली, तुमच्या संयमाबद्दल आभार. मग दोन महिन्यांतून एक. मग बंद. पैसे परत मागायचा फॉर्म भरला, त्याला उत्तर नाही. चुलतभावानं बँकेत विचारलं, तर व्यवहाराविरुद्ध तक्रार करायची मुदत संपून गेली होती. कंपनीचं आणि साइटचं नाव मी इथं मुद्दाम देत नाही. माझा मुद्दा एका कंपनीपुरता नाही.

दुकान नव्हे, वर्गणी

आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना क्राउडफंडिंग म्हणजे 'लवकर बुक केलं की स्वस्त मिळतं' एवढंच वाटतं. मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात ती खरेदी नसते. एखाद्याकडे वस्तूची कल्पना असते, कधी एखादा नमुना असतो, पण कारखान्यात हजारो नग काढायला भांडवल नसतं. तो आपली कल्पना साइटवर मांडतो, ठरावीक मुदतीत ठरावीक रक्कम जमवायचं ध्येय ठेवतो, आणि तुम्ही-आम्ही थोडे थोडे पैसे टाकतो. किकस्टार्टर २००९ पासून आहे आणि तिथं ध्येयाची पूर्ण रक्कम जमली तरच पैसे कापले जातात. इंडीगोगो त्याच्या एक वर्ष आधीची. तिथं ध्येय गाठलं नाही तरी जमलेली रक्कम घेण्याची सोयही मांडणाऱ्याला मिळत आली आहे. पैसे टाकण्याआधी हा फरक बघावाच लागतो. ध्येयाच्या चौथा हिस्सा पैशात वस्तू पूर्ण कशी होणार?

किकस्टार्टरनं तर २०१२ मध्ये स्वतःच जाहीर केलं की आम्ही दुकान नाही. तेव्हापासून वस्तू मांडणाऱ्यानं धोके काय आहेत ते लिहायचं आणि संगणकावर काढलेली चकचकीत चित्रं खरी वस्तू म्हणून दाखवायची नाहीत, असे नियम आले. म्हणजे साइटलाही माहीत आहे की आपण ग्राहक नाही. हे विसरतो ते आपण, कारण पानावर बटण असतं, किंमत असते, 'फक्त ४३ शिल्लक' असं लिहिलेलं असतं. सगळं दुकानासारखं दिसतं.

मराठीत याला चांगला शब्द आहे: वर्गणी. आणि आपल्याकडे वर्गणीतून कारखानाही उभा राहिलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी देशी उद्योगासाठी माणशी एक पैसा गोळा करायची चळवळ चालवली. टिळकांनी तिला पाठबळ दिलं. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला, आणि तिथं शिकलेली माणसं पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. पैसा देणाऱ्याला त्या बदल्यात ग्लास मिळणार नव्हता. आपल्या देशात काच व्हावी, एवढीच त्याची अपेक्षा होती. त्यामुळे त्याची फसवणूक होणं अवघड होतं. आजच्या क्राउडफंडिंगमध्ये वर्गणी आणि खरेदी यांची सरमिसळ झाली आहे. मनात खरेदी असते, कायद्यानं जवळजवळ वर्गणी असते, आणि भांडण लागतं ते या दोन्हींच्या मधल्या जागेत.

याच्या उलट उदाहरण आपल्या बेळगावचंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिलं गिऱ्हाईक मिळायला जवळपास दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं नांगर पडून राहिले त्याची झळ किर्लोस्करांना बसली, शेतकऱ्याला नाही. शेतकऱ्यानं दुसऱ्याच्या शेतात नांगर चालताना बघितला, मग खिशात हात घातला. क्राउडफंडिंगनं नेमकं हेच उलटं केलं: नांगर बनायच्या आधी पैसे शेतकऱ्याचे. यात वाईटच आहे असं नाही. पण जोखीम कुणाच्या खांद्यावरून कुणाच्या खांद्यावर गेली, हे तरी आपल्याला माहीत असावं.

तीन गोष्टी, तीन शेवट

आता कुणी म्हणेल, तू बुडालीस म्हणून सगळ्यांना नावं ठेवतेस. म्हणून स्वतःची गोष्ट बाजूला ठेवून कानाशी संबंधित तीन मोठी उदाहरणं सांगते. तिन्ही २०१४ ची, तिन्ही किकस्टार्टरवरची.

पहिलं, म्युनिकच्या ब्रागी कंपनीचं 'डॅश'. दोन्ही कानांत एक-एक बोंड, मध्ये वायर नाही. आज हसू येईल, पण तेव्हा अशी वस्तू बाजारात जवळजवळ नव्हतीच. त्यांना दोन लाख साठ हजार डॉलर हवे होते. सुमारे १६ हजार लोकांनी मिळून तेहेतीस लाखांहून जास्त दिले. वस्तू वर्षभर उशिरा आली, पण आली. ॲपलचे एअरपॉड्स लोकांच्या हातात पडले ते २०१६ च्या डिसेंबरात. आज गणपत गल्लीत हजार रुपयांत बिनवायरचे इअरफोन मिळतात. ते बाजारात येण्याआधी 'असं काही हवंय' म्हणून पैसे मोजणारे जे थोडे लोक होते, त्यांत हे १६ हजार होते. खुद्द ब्रागी मात्र त्या बाजारात टिकली नाही. २०१९ मध्ये ती वस्तू बनवण्यातूनच बाहेर पडली.

दुसरं, 'पोनो'. गायक नील यंग यांना एमपीथ्रीमधलं दाबलेलं, चिरडलेलं संगीत सहन होत नव्हतं. त्यांनी उच्च दर्जाचं संगीत वाजवणारा, खिशात मावणारा त्रिकोणी प्लेअर काढला. आठ लाख डॉलर मागितले, अठरा हजारांवर लोकांनी बासष्ट लाख दिले. वस्तू त्याच वर्षअखेरीपासून लोकांना मिळू लागली. पण तिच्यासाठी गाणी विकणारं त्यांचं ऑनलाइन दुकान ज्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर चालत होतं, ती कंपनीच २०१६ मध्ये बंद झाली. दुकान थांबलं ते थांबलंच. २०१७ मध्ये यंग यांनी पोनो संपल्याचं सांगितलं. ज्यांच्याकडे प्लेअर आहे त्यांचा आपापल्या गाण्यांवर चालतो. म्हणजे वस्तू हातात आली तरी गोष्ट संपत नाही. या गॅझेटांचा अर्धा जीव ॲपमध्ये, सर्व्हरमध्ये, दुसऱ्या कुणाच्या तरी करारात असतो.

तिसरं, 'कूलेस्ट कूलर'. बर्फाची पेटी, तिला ब्लूटूथ स्पीकर, मोबाइलचं चार्जिंग आणि वर मिक्सरसुद्धा. ६२ हजारांहून जास्त लोकांनी एक कोटी बत्तीस लाख डॉलर दिले. इतके पैसे जमल्यावर बुडेल कसं? पण बुडालं. खर्चाचा अंदाज चुकला, जमलेले पैसे पुरेनात. वाट बघणारे वाट बघत असताना तीच पेटी ऑनलाइन दुकानात जास्त किमतीला विकली गेली, आणि पैसे टाकलेल्यांना 'आणखी ९७ डॉलर भरा, लवकर पाठवतो' असंही विचारलं गेलं. २०१९ च्या डिसेंबरात कंपनी बंद झाली तेव्हा सुमारे २० हजार लोकांना काहीच मिळालेलं नव्हतं.

तिन्हींत एकही चोर नाही, हे लक्षात घ्या. पैसे घेऊन पळून जाणारेही असतात, पण बहुतेक वेळा माणूस प्रामाणिक असतो आणि काम त्याच्या आवाक्याबाहेरचं निघतं.

आकडेही न्यायानं सांगायला हवेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक ईथन मोलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरवर पैसे टाकलेल्या सुमारे ४७ हजार लोकांच्या उत्तरांचा अभ्यास केला. यशस्वीपणे पैसे जमवलेल्या प्रकल्पांपैकी ९ टक्क्यांनी कबूल केलेलं दिलं नाही, असं त्यात आढळलं. म्हणजे शंभरात नऊ बुडतात, एक्याण्णव देतात. हे मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. पण त्याच मोलिक यांच्या आधीच्या अभ्यासात पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त प्रकल्पांना सांगितलेल्या तारखेपेक्षा उशीर झालेला दिसला. त्यामुळे तारीख ही आशा समजावी, वचन नव्हे. परीक्षा, प्रोजेक्ट, कुणाचा वाढदिवस असल्या गोष्टी त्या तारखेला कधी टांगू नयेत. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

पहिला पीस आणि हजारावा पीस

माझा मामा बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आहे. माझी कहाणी ऐकून तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "एक पीस कोण पण करतंय गे. हजार पीस सारखे काढ म्हणावं त्याला, मग कळतंय."

मग त्यानं समजावून सांगितलं. पहिला नमुना हातानं घासून, चिकटवून, रात्र जागून करता येतो. व्हिडिओत तोच दिसतो. पण हजार करायचे म्हणजे साचा करावा लागतो. साचा महाग. एकदा कापला की त्यात बदल करणं त्याहून महाग. पहिल्या खेपेचे कितीतरी नग रिजेक्ट होतात. कुठं बूड भरत नाही, कुठं झाकण बसत नाही. कारखान्याला हे माहीत असतं, म्हणून तो ते भावात धरतो. नवख्या पोराला माहीत नसतं. तो नमुन्याच्या खर्चावरून किंमत सांगून बसतो, आणि त्याच्या कल्पनेला जितकं जास्त यश मिळेल तितका तो खोल जातो. पाचशे नगांची तयारी असताना पन्नास हजारांची मागणी आली की तो आनंदाचा दिवस नसतो, असं मामाचं म्हणणं. कूलेस्टची गोष्ट त्याला मी नंतर सांगितली.

कानाच्या वस्तूंना आणखी दोन अडचणी आहेत. एक तर जागा. बोटाच्या पेराएवढ्या ठिकाणी बॅटरी, चिप, अँटेना, स्पीकर आणि माइक बसवायचे, ते तापू द्यायचे नाहीत आणि वर प्रत्येकाचा कान वेगळा. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची: आवाज व्हिडिओतून तपासता येत नाही. घड्याळ कसं दिसतं ते व्हिडिओत दिसतं. पण नव्या इअरफोनचा आवाज मी ऐकते ते माझ्या जुन्या इअरफोनमधून! बाजार गप्प करणारा तो व्हिडिओ मी आता पुन्हा बघते तेव्हा कळतं, बाजार रेकॉर्डरनं गप्प केला होता की एडिटिंग करणाऱ्यानं, हे कळायचा मला काहीही मार्ग नव्हता. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे. निवेदक विश्वासार्ह आहे का, हा प्रश्न कादंबरी वाचताना रोज विचारते. बारा हजार पाठवताना विचारला नाही.

त्यात आपण राहतो सीमाभागात. पुण्या-मुंबईच्या माणसाला ज्या अडचणी येतात त्या आपल्यालाही येतात, वर दोन जास्त. परदेशातून पार्सल आलं तर कस्टम ड्युटी वेगळी, ती सांगितलेल्या किमतीत धरलेली असेलच असं नाही. वस्तू बिघडली तर दुरुस्तीला परत पाठवायचा खर्च वस्तूइतका. इथल्या दुकानदाराला दाखवली तर तो म्हणतो, याचा पार्ट मिळत नाही. आणि आमच्या घरी तर कार्डही नाही, म्हणून दुसऱ्याच्या कार्डावर पैसे भरायचे. मग बँकेकडे तक्रार करायची वेळ आली की ज्याचं कार्ड त्याच्या मागे लागायचं. माझी मुदत हुकली ती अर्धी याच संकोचामुळे. चुलतभाऊ नोकरीत गडबडीत, त्याला किती वेळा फोन करणार?

पाच टक्के आणि शून्य टक्के

आता माझं मत. मी 'क्राउडफंडिंग वाईट' असं म्हणणार नाही. ज्या वस्तूला दुकानदार हात लावणार नाही, ज्या वस्तूसाठी बँक कर्ज देणार नाही, ती जन्माला यायचा हा एक खरा रस्ता आहे. आमच्यासारख्यांना तर तो जास्त लागेल. विडी वळणाऱ्या आज्यांचा आवाज नीट पकडणारा स्वस्त रेकॉर्डर ही कुठल्याही मोठ्या कंपनीची पहिली गरज नसणार. थोड्या लोकांची गरज थोड्या लोकांनीच भागवावी लागते. पैसा फंडानं ते दाखवलं, डॅशनं दाखवलं.

माझी तक्रार वेगळी आहे. किकस्टार्टर जमलेल्या रकमेतून पाच टक्के घेते. पैसे देण्याघेण्याचा खर्च त्यावर आणखी तीन-पाच टक्के. वस्तू आली नाही तर ते पाच टक्के परत येत नाहीत आणि साइट म्हणते, हा तुमचा आणि त्यांचा प्रश्न. माझी आई भिशी चालवण्याचा एक रुपया घेत नाही आणि एकीनं बुडवलं तर स्वतः भरते. शून्य टक्के घेणारीची पूर्ण जबाबदारी आणि पाच टक्के घेणाऱ्याची शून्य, हा हिशोब मला पटत नाही. कुणी म्हणेल, बारा बायकांची तुलना लाखो लोकांशी कशी करतेस? मान्य, साइटनं सगळं भरून द्यावं असं मी म्हणत नाही. तसं केलं तर ती फक्त अगदी खात्रीच्या वस्तूच घेईल आणि नवं काही उरणारच नाही. पण घर बांधताना बँक सगळं कर्ज एकदम देत नाही. पाया झाला की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा. तसंच साचा झाल्याचा पुरावा दाखवला की एक हप्ता, पहिले शंभर नग बाहेर पडले की दुसरा, असं करायला काय हरकत आहे? पाच टक्क्यांत एवढं तरी काम बसायला हवं.

तक्रार आणखी एका माणसाबद्दल आहे, ती म्हणजे 'टाका रे' म्हणणाऱ्याबद्दल. नमुना हातात घेऊन 'गेम चेंजर' म्हणणारे यूट्यूबवाले त्यात आले. आणि मीही आले. आपण दुसऱ्याला पैसे टाकायला सांगतो तेव्हा आपण त्या व्यवहाराचे साक्षीदार राहत नाही, त्यातले भागीदार होतो.

यापुढे पैसे टाकायचे झाले तर मी भिशीचे प्रश्न विचारणार आहे. तुम्हीही विचारा:

तो माणूस राहतो कुठं? म्हणजे पत्ता, नोंदणी, खरं नाव, पूर्वी कुठं काम केलं ते.

आधी काही बनवून दिलंय का? भिशीत नवीन बाई आली तर तिला ओळखणारी एक तरी असावी लागते.

कारखाना ठरलाय का, साचा झालाय का, की अजून नुसतं चित्र आहे?

हिशोब दाखवतो का? आमच्या चर्चच्या फेस्ताची वर्गणी असो की गल्लीतल्या गणपतीची, जमाखर्चाचा कागद बोर्डावर लागतो. लागला नाही तर पुढच्या वर्षी लोक पावती फाडत नाहीत.

त्याची कंपनी बंद पडली, ॲप बंद पडलं, तरी वस्तू चालेल का?

आणि शेवटचा प्रश्न स्वतःला: हे पैसे परत आले नाहीत तर घरात कुणाचं काही अडेल का? उत्तर 'हो' असेल तर ती रक्कम वर्गणीची नाहीच. तेवढ्याच पैशात दुकानात मिळणारी वस्तू घ्यावी, बिल घ्यावं आणि बिघडली तर जाऊन भांडावं.

माझ्या दोन्ही वर्गमित्रांनी मला कधी पैसे मागितले नाहीत. "जाऊ दे गे, आम्ही काय लहान होतो काय?" असंच म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, जोखीम त्यांनीही घेतली होती. मीही सुटका झाली म्हणून गप्प बसणार होते. पण आईला कळलं की मी 'माझी गॅरंटी' म्हटलं होतं, तेव्हा ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "मग भर की." मी सहावीच्या दोन मुलांची शिकवणी धरली. महिन्याला हजार यायचे, पाचशे एकाला, पाचशे दुसऱ्याला. आठ महिने लागले. शेवटचा हप्ता कॅन्टीनमध्ये दिला, तेव्हा त्यातल्या एकानं त्याच पैशातून तिघांचा चहा आणि मिसळ सांगितली.

प्रोजेक्ट झाला. खडे बाजारातून नऊशे रुपयांचा कॉलरला लावायचा माइक घेतला, वायरवाला. आज्यांच्या घरी गेल्यावर आधी पंखा बंद करायचा, खिडकी लावायची आणि दुपारी दोन ते चार, गल्ली झोपलेली असताना बसायचं, हे आम्ही शिकलो. उकाड्यानं सगळेच घामाघूम व्हायचे. रेकॉर्डिंगमध्ये मध्ये मध्ये सुपातल्या पानांची सळसळ ऐकू येते. ती आम्ही काढली नाही.

गेल्या महिन्यात त्या कंपनीचा बऱ्याच काळानं एक ईमेल आला. नवीन मॉडेल येतंय, जुन्या लोकांना खास सवलत. मी तो आईला वाचून दाखवला. तिनं विचारलं, "पत्ता दिलाय काय?"

मी खालपर्यंत बघितलं. दिलेला नव्हता.